स्विचयार्डची खरखर गणितात शून्य का येते?

आपण विचारले आहे की, वावरालगतच्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) स्विचयार्डमुळे, म्हणजे उच्चदाब वाहिन्या जोडण्या-तोडण्याच्या आवारामुळे, नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झवर किती खरखर येईल हे संगणकावर काढायला गेल्यास उत्तर जवळपास शून्य का येते. माझ्या मते चूक आपल्या गणितात नसून यंत्रांच्या प्रतिरूपात (गणिती मॉडेलमध्ये) आहे. ५० हर्ट्झसाठी केलेल्या प्रतिरूपात यंत्रांचे जमिनीशी असलेले धारकत्व (कपॅसिटन्स) सहसा धरतच नाहीत. त्यामुळे तारेवरच्या करोनातून (तारेभोवतीच्या हवेत होणाऱ्या विद्युत विसर्गातून) निघणाऱ्या सूक्ष्म स्पंदांना परतीची वाटच उरत नाही.

एकट्या सीव्हीटीचेच (उच्च दाब मोजणाऱ्या, धारक असलेल्या ट्रान्सफॉर्मरचेच) पाहा. नेमप्लेटवर ४४०० पिकोफॅरड असेल, तर ५० हर्ट्झला त्याची प्रतिबाधा (प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे ७.२ लाख ओहम, म्हणजे ती वाट नसल्यासारखीच. ५८५ किलोहर्ट्झला मात्र प्रतिबाधा अवघी ६२ ओहम उरते. म्हणून ट्रान्सफॉर्मरचे बुशिंग (तार आत नेणारी इन्सुलेटरची नळी), सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) आणि ब्रेकर यांचेही धारकत्व घालावे आणि उभ्या जोडतारेचे प्रेरकत्व (इंडक्टन्स) मीटरमागे १ मायक्रोहेन्री धरावे. बसबारला (सगळ्या वाहिन्या ज्याला जोडतात त्या लांब वाहकाला) मात्र साधी तार समजू नये, कारण इथे तरंगलांबी सुमारे ५१३ मीटर आहे आणि १०० मीटरची बस तिच्या पाचव्या हिश्श्याएवढी भरते.

एवढे करूनही खरखरीचा एक स्रोत प्रतिरूपात सापडत नाही. एका यार्डाच्या बाबतीत आमचे गणित पावसाळ्यात खरखर वाढेल असे सांगत होते, आणि करोनापुरते ते बरोबरही होते. पण शेजारच्या शेतकऱ्यांची तक्रार मे महिन्यातली होती आणि पहिल्या पावसाबरोबर ती थांबत असे. रात्री धुऱ्यावर बसून ट्रान्झिस्टर हळूहळू फिरवत, आवाज सर्वांत कमी कुठे होतो ते पाहत दिशा काढली, जागा बदलून पुन्हा काढली, आणि दोन्ही रेषा एका जंपरच्या (दोन तारा जोडणाऱ्या सैल तुकड्याच्या) इन्सुलेटर साखळीवर मिळाल्या. ताण नसल्याने तिच्या बॉल-सॉकेटमध्ये (गोळा-खोबणीच्या सांध्यात) गंज साचून बारीक फट पडली होती आणि त्या फटीत ठिणग्या उडत होत्या; पावसाचे पाणी शिरले की फट जोडली जाऊन त्या बंद होत. (अशा साखळीवर वजन टांगणे हाच त्यावरचा जुना उपाय.)

तेव्हा प्रतिरूप करोनापुरतेच तपासावे, तेही पावसाच्या दिवशी. आपल्या काळ्या जमिनीची रोधकता (विजेला होणारा तिचा विरोध) पावसाळ्यात आणि भेगाळलेल्या उन्हाळ्यात फार वेगळी असते, म्हणून ती दोन्ही वेळा मोजून घालावी.