वाचक विचारतात: इंग्रजीची परीक्षा घरून द्यायची का सेंटरला जायचं?

प्रश्न: ताई, मी औशाची. बी.ई. झालंय, अमेरिकेत एमएस करायचंय. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी पुण्याला जाणं-राहणं आलं, म्हणून घरूनच द्यायचा विचार आहे. डुओलिंगोची ऑनलाईन परीक्षा पण चालते म्हणे. घर दोन खोल्यांचं, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आजी दिवसभर घरात. जमेल का?
— एक विद्यार्थिनी, जि. लातूर

उत्तर: जमेल, पण बुकिंग करायच्या आधी ज्या ज्या युनिव्हर्सिटीला अर्ज करणार आहेस तिथल्या तुझ्या डिपार्टमेंटचं पेज उघड, मेन साईटवर डुओलिंगो चालते लिहिलेलं असतं आणि डिपार्टमेंट म्हणतं आम्हाला टोफेल किंवा आयईएलटीएस (ही पण इंग्रजीचीच परीक्षा) पाहिजे, असं बऱ्याचदा होतं. आणि तिथेच वेव्हरचं, म्हणजे परीक्षेतून सूट मिळते का ते पण बघ, डिग्री इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर काही ठिकाणी कॉलेजचं पत्र पुरतं, परीक्षाच नको. एफ-१, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी वेगळा स्कोअर लागत नाही, तिथे इंटरव्ह्यू असतो, त्यामुळे अमेरिकेपुरतं युनिव्हर्सिटीने हो म्हटलं की झालं.

आता घराचं. सेंटरवर खोलीची काळजी ते घेतात, घरी ती तुझ्या गळ्यात. टोफेलला समोर कॅमेऱ्यातून जिवंत माणूस बघत बसलेला असतो, सुरुवातीला खोली, टेबल, टेबलाखालचं सगळं फिरवून दाखवायला लावतो, दार त्याला दिसलं पाहिजे, आणि परीक्षा चालू असताना कोणी आत आलं की संपलं. आजीला आदल्या दिवशी समजावलंस तरी "चहा ठेवू का गं?" म्हणून ती येणारच, आजीचा दोष नाही त्यात, म्हणून दाराला आतून कडी आणि बाहेर घरातलं कोणीतरी राखणीला बसव. नोट्स काढायला साधा कागद चालत नाही, छोटा व्हाईटबोर्ड नाहीतर प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये कागद घालून त्यावर पुसता येणारा मार्कर, आणि शेवटी पुसलेलं कॅमेऱ्यात दाखवायचं. हेडफोन चालतो का ते आधी नियमात बघ, स्पीकरवर ऐकायचं असेल तर शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि लग्नसराईतला डीजे तुझ्या लिसनिंगमध्ये येणार हे धरून चाल. पहाटेचा स्लॉट मिळाला तर घे.

डुओलिंगोला तो माणूस नसतो, सगळं रेकॉर्ड होतं आणि नंतर तपासतात. परीक्षा साधारण तासाभराची, पाहिजे तेव्हा देता येते, स्कोअर १० ते १६० मध्ये, निकाल दोन दिवसांत. पण हिच्यातही बरेच जण अडकतात, कारण उत्तर आठवताना भिंतीकडे किंवा छताकडे बघायची आपली सगळ्यांची सवय, आणि इथे नजर स्क्रीनवरून सारखी हलली की स्कोअर सर्टिफाय, म्हणजे मान्य, होत नाही. कान दिसले पाहिजेत, केस मागे बांध. पेन-कागद नाही. आता फोनचा सेकंड कॅमेरा पण लावायला सांगतात, त्यामुळे फोन चार्ज असू दे आणि तो उभा कसा राहील ते आधीच बघून ठेव.

लाईटचं म्हणशील तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल पण राऊटर बंद पडतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. राऊटरला छोटा यूपीएस (बॅटरी बॅकअप) मिळतो तो लाव, लाईट गेल्यावर हॉटस्पॉट जोडायला गेलीस तर तोवर सेशन तुटलेलं असतं. आणि भावाचा ऑफिसचा लॅपटॉप अजिबात नको, त्यात कंपनीचं खासगी नेटवर्क (व्हीपीएन) आणि सॉफ्टवेअरची कुलपं असतात, परीक्षेचं सॉफ्टवेअर चालूच होत नाही.

मला विचारशील तर दोन खोल्यांच्या घरात टोफेल संपेपर्यंत शांतता टिकवण्यापेक्षा पुण्याचं एसटीचं तिकीट बरं. डुओलिंगो चालत असेल तर मात्र घरीच दे, किंवा गावात कोणाची बंद खोली आणि चांगलं वायफाय असेल तर तिथे.

प्रश्न: मुलाला ऑस्ट्रेलियात पाठवायचंय, तिथली युनिव्हर्सिटी ऑनलाईन टेस्ट घेते म्हणते. मग सेंटरला कशाला जायचं?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर: साहेब, युनिव्हर्सिटी घेईल हो, पण स्टुडंट व्हिसासाठी ऑस्ट्रेलिया सरकार घरून दिलेली टेस्ट धरत नाही. ॲडमिशनला एक आणि व्हिसाला दुसरी असा डबल खर्च होईल. त्यापेक्षा एकदाच आयईएलटीएस किंवा पीटीई (ही पण इंग्रजीचीच परीक्षा) सेंटरवर जाऊन देऊ द्या.

प्रश्न: पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव पण आहे, टेस्टच्या अकाउंटवर मी फक्त नाव-आडनाव टाकलंय. चालेल?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: नाही चालणार, आजच बदल. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात जे आहे, म्हणजे तुझं आणि वडिलांचं दोन्ही, ते तसंच्या तसं टाक, आडनाव सरनेममध्ये, स्पेलिंगसकट. आपल्याकडे कागदोकागदी नाव वेगळं असतं, मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत आईचं पण. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नको, पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर परीक्षाही त्याच नावाने द्यायची. परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट ओरिजिनल हातात पाहिजे, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो नाही, आणि मुदत संपत आली असेल तर आधी रिन्यू करून घे, कारण नंबर बदलला की परत सगळीकडे कळवत बसावं लागतं. स्कोअर दोन वर्षं चालतो, तेवढी घाई नाहीये.