राणीच्या बागेत जाळीमागच्या विदेशी पक्ष्यांचे चांगले फोटो कसे काढता येतील?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन अलिबागहून मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाणार आहात. हाताशी वडिलांचा जुना डीएसएलआर आणि 70-300 ची लेन्स आहे, आणि मागच्या खेपेला मॅकॉच्या (मोठ्या विदेशी पोपटाच्या) प्रत्येक फोटोत पक्ष्यापेक्षा जाळीच जास्त दिसली. मी रेवदंड्याची. वर्षातून दोनदा तरी कॅमेरा घेऊन या बागेत जाते. माझी पहिली फेरीही जाळीतच अडकली होती. घरी येऊन पाहिलं तर जाळीची एकेक तार लख्ख, आणि तिच्या मागे निळा-पिवळा डाग.

असं होतं, कारण ऑटोफोकस जवळच्या ठळक रेघा आधी पकडतो. म्हणून फोकसचा एकच बिंदू ठेवा, तो जाळीच्या भोकातून थेट पक्ष्याच्या डोळ्यावर आणा. तरीही लेन्स तारेवरच अडखळत असेल तर मॅन्युअलवर जा. बसलेल्या पक्ष्यासाठी हाताने फोकस करणं वाटतं तितकं कठीण नाही.

जाळी फोटोतून नाहीशी व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, पक्षी जाळीपासून जितका मागे असेल तितका बरा, आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं हवं. तुमच्या लेन्सवर 300 ला बहुतेक एफ 5.6 मिळेल, तेवढं पुरतं. पिंजऱ्यापुढे कठडा असतो, तो ओलांडायचा नाही. कठड्यापाशीच उभं राहा आणि पक्षी मागच्या फांदीवर जाईपर्यंत थांबा. जाळीला चिकटून बसलेला मॅकॉ डोळ्यांनी पाहायला छान, पण त्याचा फोटो तारांशिवाय यायचा नाही.

चौथी गोष्ट मला फार उशिरा कळली. जाळीवर ऊन पडलं असेल तर बाकी सगळं नीट करूनही फोटोवर दुधाळ पडदा येतो. त्यामुळे पिंजऱ्याची सावलीतली बाजू शोधा. ती नसेल तर मुलीच्या हातात काळी छत्री द्या आणि लेन्ससमोरच्या जाळीवर सावली पडेल अशी धरायला सांगा. माझी भाची हे काम आवडीने करते. कॅमेऱ्याचा फ्लॅश मात्र बंदच ठेवा. तो आधी जाळीच उजळतो आणि पक्ष्यालाही बिचकवतो.

आता रंगांबद्दल, कारण विदेशी पक्ष्यांचे फोटो काढायची हौस असते ती रंगांसाठीच. मॅकॉच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या आतली अतिसूक्ष्म रचना प्रकाश अशी विखुरते की आपल्याला निळं दिसतं. पिवळा आणि तांबडा मात्र खरे रंगद्रव्याचे, आणि ते द्रव्य पोपटाच्या कुळातले पक्षी स्वतःच्या शरीरात बनवतात. रोहित पक्ष्याचा (फ्लेमिंगोचा) गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो, तसं इथे नाही. फोटो काढताना कामाला येणारी गोष्ट अशी की मॅकॉचा निळा कुठूनही निळाच दिसतो, त्यामुळे ढगाळ उजेडात किंवा सावलीत तो सगळ्यात सुंदर येतो आणि भर उन्हात फिका पडतो. मोराच्या गळ्याचं उलटं आहे. तिथे उजेडाचा कोन बदलला की रंग बदलतो, म्हणून त्याने मान वळवायची वाट पाहावी लागते.

निळ्या-पिवळ्या मॅकॉच्या गालावर पांढरी उघडी कातडी असते आणि तिच्यावर बारीक काळ्या पिसांच्या रेघा. त्या रेघा फोटोत यायला हव्यात. कॅमेऱ्यावर सोडलंत तर तो गाल पांढराफटक करून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोन-तृतीयांश स्टॉपने (कॅमेऱ्यावर -0.7) कमी करा. एका वेळी पाच-सहा फोटो सलग घ्या, कारण पक्ष्यांच्या डोळ्यावरून तिसरी पापणी सारखी सरकते आणि नेमक्या त्या क्षणी डोळा पांढुरका येतो.

माझं एवढंच ऐका: सगळी बाग कॅमेऱ्यात भरायला जाऊ नका. एक पिंजरा निवडा आणि तिथे अर्धा-पाऊण तास उभ्या राहा. लोक येतात, शिट्ट्या मारतात, जाळी हलवतात, निघून जातात. ते गेले की पक्षी पुन्हा आपल्या कामाला लागतो. दाणा पायात धरून खातो, जोडीदाराच्या मानेची पिसं साफ करतो, एक पंख ताणून आळस देतो. ते पाहताना मुलगी कंटाळणार नाही, उलट तुमच्या आधी तीच सांगेल की आता तो पंख पसरणार.

मुक्त पक्षी विहारात तर आपणच आत शिरतो, त्यामुळे मध्ये जाळी येत नाही. तिथला चित्रबलाक अनेकांना परदेशी वाटतो, पण तो आपलाच आहे. वर पाहून फोटो काढलात तर पांढऱ्या आभाळापुढे पक्षी काळा पडतो. मागे झाडी येईल अशी जागा धरा.

पेंग्विनकडे वेगळी अडचण. हे हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचे, 2016 मध्ये इथे आले. मध्ये जाड पारदर्शक भिंत आहे. तिरक्या कोनातून काढलेला फोटो हमखास पुसट आणि वेडावाकडा येतो, म्हणून अगदी समोर उभं राहून लेन्सचा हूड भिंतीला हलकेच टेकवा आणि गडद रंगाचे कपडे घाला, म्हणजे तुमचं प्रतिबिंब पडणार नाही. उजेड कमी असतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 3200 पर्यंत बिनधास्त न्या. फोटो रव्यासारखा दाणेदार दिसला तरी चालेल, पण शटरचा वेग पाचशेच्या (सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या) खाली गेला तर पोहणारा पेंग्विन पुसट येईल.

तिथून बाहेर येताना कॅमेरा बॅगेत घालून चेन लावा आणि पंधरा-वीस मिनिटं काढू नका. थंडाव्यातून आपल्या दमट हवेत आलेल्या काचेवर लगेच वाफ धरते. वडिलांची लेन्स जुनी आहे म्हणून जास्त सांगते. ओल राहिली की आत बुरशी धरते, आणि किनाऱ्यावरच्या घरांत तर ती पावसाळाभर टपलेलीच असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स त्यातच ठेवत जा.

मांडव्याहून रो-रो बोटीने गेलात तर भाऊच्या धक्क्यावर उतराल. तिथून भायखळा जवळ पडतं. थंडी सुरू झाली की बोटीमागे कुरव (सीगल) उडत येतात. उडता पक्षी टिपायचा सराव त्यांच्यावर करा, शटर हजाराच्या वर ठेवून. लोक त्यांना कुरकुरे, गाठ्या टाकतात. तुम्ही टाकू नका, ते त्यांचं खाणं नव्हे.

फोटो कुठे टाकलात तर खाली ‘राणीची बाग, पिंजऱ्यातला पक्षी’ असं जरूर लिहा. रानात महिनोन्महिने बसून धनेश टिपणाऱ्याच्या फोटोशेजारी आपला फोटो त्याच नावाने उभा राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी असते आणि गुरुवारी बंद. दिवाळीत जाताय, तेव्हा दिनदर्शिका पाहूनच तिकीट काढा.