वाचक विचारतात : आधी इंजिन बोलू दे, रंगाचं नंतर बघू

प्रश्न : मामांकडून मला जुना फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर मिळालाय, पेट्रोलवाला. पंधराएक वर्षं उभाच आहे, हँडल मारलं तर इंजिन जागचं हलत नाही. मी आजवर सायकलच्या पंक्चरपलीकडे काही केलेलं नाही. सगळा खोलून, घासून, रंग देऊन एकदम नवा करायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : "सगळा खोलून" वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण मी पहिल्या ट्रॅक्टरला नेमकं हेच केलं होतं. खोलायला दोन दिवस लागले, फार मजा आली, सगळे नट-बोल्ट एकाच डब्यात टाकले आणि चार महिन्यांनी एकेक बोल्ट हातात घेऊन "तू कुठला रे बाबा" असं विचारत बसलो. जोडायला दीड वर्ष लागलं. तेव्हा खोलू नका. आधी इंजिन फिरवायचं, मग चालू करायचं, मग ब्रेक, आणि रंग सगळ्यात शेवटी. चालू झालेला ट्रॅक्टर स्वतःच सांगतो काय खोलायचं ते, बंद ट्रॅक्टरवर नुसते अंदाज बांधायचे.

नवशिक्याला याहून बरा ट्रॅक्टर मिळणं अवघड, हे मात्र सांगतो. १९४६ ते १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला पाच लाखांच्या वर बनले, त्यामुळे स्पेअर अजूनही नवे बनतात आणि मॅन्युअलही मिळतं, पहिला खर्च त्या मॅन्युअलवर करा. अजून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, याला वेगळी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकमेकांना बोल्टने जोडलेले, तोच त्याचा सांगाडा. म्हणजे क्लच बदलायचा तर ट्रॅक्टरचे मधून दोन तुकडे करावे लागतात, आणि पुढचा तुकडा एक्सलच्या एकाच पिनवर डुलत असतो, दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकली नाही तर तो कलंडून अंगावर येतो. पहिल्या वर्षी या भानगडीत पडूच नका.

आता जाम इंजिन. बहुतेक वेळा झालेलं असं असतं की सायलेन्सर वर तोंड करून उभा, त्यावर झाकण नाही, पावसाचं पाणी थेट आत, आणि पिस्टनच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंजून चिकटल्या. सगळ्यात आधी खाली भांडं ठेवून ऑईलचा ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाला बसतं, त्यामुळे आत पाणी असेल तर ऑईलच्या आधी तेच बाहेर येईल. आलं तर लगेच घाबरू नका पण लक्षात ठेवा, कारण या इंजिनात लायनरच्या (सिलिंडरच्या सुट्या नळीच्या) बाहेरून कूलिंगचं पाणी खेळतं आणि खालचं सील गेलं तरी पाणी तिथेच उतरतं. कसं ओळखायचं? नवं ऑईल घाला, रेडिएटर भरा, दोन दिवस थांबा आणि परत तोच प्लग सैल करून बघा.

मग वरचे स्पार्क प्लग काढा, टॉर्च मारून आत बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं करून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे सोडा (अॅसिटोन पटकन पेट घेतं, आसपास विडी-काडी नको), रोज थोडं थोडं, आठ दिवस, पंधरा दिवस, महिना लागला तर महिना. साधं डिझेल ओतलं तरी काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. दरम्यान वरचं रॉकर कव्हर काढून व्हॉल्व्ह बघून घ्या, प्रत्येकावर लाकडाने हलकं ठोकलं की तो खाली जाऊन लगेच वर आला पाहिजे. एखादा अडकलेला असताना इंजिन फिरवलंत तर पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारा बारीक दांडा) वाकलाच म्हणून समजा.

फिरवायचं कसं तर टॉप गिअर टाका आणि दोघांनी मिळून ट्रॅक्टर पुढे-मागे झुलवा, नुसता हाताने. पुलीवर खडूने एक रेघ मारून ठेवा. पहिले कित्येक दिवस ती रेघ तिथल्या तिथेच, आणि मग एके दिवशी नखाच्या जाडीइतकी सरकलेली दिसते. तिथून पुढे काम फक्त वेळेचं. हे सोडून कुणीतरी हमखास सांगणार की दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढ, धक्क्यात सुटेल. सुटतं कधी कधी, पण कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकवूनही सुटतं. मोकळं झाल्यावर प्लग बाहेर ठेवूनच फिरवा, भोकांवर जाड फडकं टाका आणि तोंड लांब ठेवा, आतलं सगळं पिचकारीसारखं उडतं. आणि हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, इंजिनाने उलटा फटका दिला तर मनगट जातं.

चालू करायच्या आधी टाकीतलं जुनं पेट्रोल विसरा, ते सडून वार्निश झालेलं असतं. छोटा कॅन उंचावर टांगून नळीने थेट कार्बोरेटरला पेट्रोल द्या. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर (स्पार्कसाठी करंट जोडणारी-तोडणारी जागा) राखाडी साय धरलेली असते, बारीक पॉलिश पेपरने आणि मग कोऱ्या कार्डाने पुसा, गॅप मॅन्युअलप्रमाणे. बऱ्याचदा एवढ्यावरच स्पार्क येतो. प्लग न लावता आधी स्टार्टर मारून ऑईल प्रेशरचा काटा हलतो का बघा, हलला तरच प्लग लावा. आणि हो, स्टार्टरचं बटण शोधत बसू नका, ते नाहीच. गिअरचा दांडाच 'एस'वर नेला की स्टार्टर फिरतो. तसंच मागची अवजारं उचलणारी लिफ्ट उचलत नाही म्हणून हायड्रॉलिक खोलायला धावू नका, या मॉडेलमध्ये हायड्रॉलिकचा पंप पीटीओवर (अवजारं फिरवायला मागे निघणाऱ्या शाफ्टवर) चालतो, पीटीओचा दांडा टाकलेला नसेल तर लिफ्ट मेल्यासारखी पडून राहते. माझे तीन रविवार यात गेलेत, तुमचे जाऊ नयेत.

पहिल्या दिवशी निळा धूर भरपूर येईल, त्यावरून "इंजिन गेलं" म्हणू नका. चिकटलेल्या रिंगा काही तास चालल्यावर मोकळ्या होतात आणि धूर कमी होतो. मग ब्रेक नीट केल्याशिवाय शेडबाहेर काढायचा नाही. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसा. ओढायची साखळी कायम खालच्या ड्रॉबारलाच (मागची ओढायची आडवी पट्टी), वर टॉपलिंकच्या (अवजाराला धरणारा वरचा दांडा) जागी बांधली की ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो, आणि याला डोक्यावर कसलीही फ्रेम नाही.

प्रश्न : माझ्याकडे फोर्ड ८एन ट्रॅक्टर आहे, सहा व्होल्टचा. स्टार्टर एकदम मरगळल्यासारखा फिरतो. सगळे म्हणतात बारा व्होल्ट करून टाक. करू का?

उत्तर : आधी केबल बघा. त्याच ताकदीसाठी सहा व्होल्टला बाराच्या दुप्पट करंट लागतो, म्हणजे केबल चांगली जाड हवी, आणि लोकांनी मध्ये कधीतरी कारची बारीक केबल लावून ठेवलेली असते. अर्थची वायर (बॅटरीतून बॉडीला जाणारी) जिथे बोल्टला लागते तिथला रंग-गंज खरवडून लोखंड उघडं करा. दहापैकी बऱ्याच वेळा एवढ्यातच स्टार्टर जागा होतो. दुसरं म्हणजे १९४७ ते १९५२ च्या या मॉडेलला पॉझिटिव्ह अर्थ असते, बॅटरीचा प्लस बॉडीला. सवयीने उलटी लावू नका. तरीही बारा करायचंच असेल तर कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी), बल्ब आणि चार्जिंग, तिन्हीचा विचार करावा लागतो, नुसती बॅटरी बदलून कॉइल जळते.

प्रश्न : पेट्रोलची टाकी आतून गंजली आहे. यूट्यूबवर बॅटरी चार्जर लावून गंज काढतात ते खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि बघायला मजाही येते. पेट्रोल पूर्ण काढून टाकी साबणाच्या पाण्याने तीन-चारदा धुवा, वास शिल्लक असेल तर चार्जरला हातसुद्धा लावू नका, टाकीतली वाफ पेट्रोलपेक्षा वाईट. मग पाण्यात धुण्याचा सोडा मिसळून भरा, चार्जरचा मायनस टाकीला, प्लस आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला. सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये, तोंडाशी रबराचं बूच वापरा, पण हवा बाहेर जायला फट ठेवा. हायड्रोजन निघतो, त्यामुळे उघड्यावरच करा, आणि चिमटे काढायच्या आधी चार्जर बंद. स्टेनलेस स्टीलची सळई अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. काही तासांनी वर तपकिरी फेस आणि सळईवर लगदा जमतो, सळई खरवडून परत सोडायची. शेवटी धुऊन लगेच कोरडी करा आणि थोडं पेट्रोल-ऑईल आत फिरवून ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत लाल.

प्रश्न : जुना रंग ग्राइंडरने उडवू का?

उत्तर : कोरडा नाही. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, धूळ छातीत जाते. केमिकल रिमूव्हर लावा नाहीतर पाणी मारून ओला घासा, मास्क लावून, लहान मुलं लांब ठेवून. आणि रंग मारायच्या आधी सिरियल नंबरच्या पट्टीवर टेप चिकटवा, मी विसरलो होतो आणि नंतर सुईने एकेक आकडा कोरत बसलो.