पाटी रंगवलीत, पण मुलीला विचारलंत का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला सरकारी मेडिकल कॉलेजात राहून पेशंटही बघायचेत आणि शिकवायचंही आहे. तुम्ही मात्र तालुक्याला वीस खाटांचं हॉस्पिटल बांधून तिच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून घेतलीत, आणि मला विचारताय की ती हॉस्पिटल सांभाळून खासगी कॉलेजात "नाव देऊन ठेवेल", म्हणजे प्राध्यापकी पण होईल, तर हे कसं जमवायचं.

साहेब, हे जमवूच नका. मार्क, मेरिट हा प्रश्नच नाहीये इथे, मला टेन्शन आलं ते त्या पाटीचं. अख्ख्या पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीत आणि बांधकामाचा खर्च अर्ध्या पानात! आणि नाव देऊन ठेवणं म्हणजे साध्या भाषेत खोटी फॅकल्टी, शिकवायला न जाता फक्त कागदावरचा प्राध्यापक. मेडिकल कॉलेजातली नोकरी फुलटाइम असते, हजेरी आधारला जोडलेली, आता तर चेहरा दाखवून लागते. 2025 मध्ये सीबीआयने मेडिकल कॉलेजांच्या तपासणीतल्या लाचखोरीवर गुन्हा नोंदवला त्यात डमी फॅकल्टीचा विषय होताच. यात डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन धोक्यात येतं ते मुलीचं, तुमचं नाही.

दुसरं, तुम्ही लिहिलंय "मास्तरकी करून हात गंजेल". हा गैरसमज बऱ्याच घरांत असतो. अहो, मेडिसिनचा प्रोफेसर फळ्यापुढे कमी आणि वॉर्डात जास्त असतो. युनिटची ओपीडी, इमर्जन्सीचा दिवस, राऊंड, हे सगळं त्याचंच काम. सर्पदंश, कीटकनाशक प्यायलेला पेशंट, लेप्टोस्पायरोसिसचा ताप, हे सरकारी वॉर्डात जितकं येतं तितकं वीस खाटांत कुठून येणार? राऊंडला सहा पोरं बेडभोवती उभी, एकजण पोटावर हात ठेवून प्लीहा शोधतोय आणि मॅडम म्हणतायत, अरे उजवीकडे खालून सुरू कर, पेशंटला मोठा श्वास घेऊ दे, मग हात डावीकडे वर ने. आता यात पेशंट बघणं कुठे संपलं आणि शिकवणं कुठे सुरू झालं ते मला दाखवा.

रस्ता सरळ आहे. एमडीनंतर एक वर्ष सीनिअर रेसिडेन्सी, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात वरिष्ठ निवासी डॉक्टरची नोकरी, मग असिस्टंट प्रोफेसर, सरकारी कायम पोस्ट एमपीएससीतून, तोवर कंत्राटी. तिथे चार वर्षं, दोन रिसर्च पेपर आणि रिसर्चचा व शिकवण्याच्या पद्धतीचा असे बेसिक कोर्स झाले की असोसिएट प्रोफेसरसाठी पात्र. पगार खासगी प्रॅक्टिसइतका नाही, कंत्राटीत तर रिन्यूअलची धाकधूक असते, ते तिला आधीच स्पष्ट सांगा. आणि एनपीए, म्हणजे खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता, घेतला की संध्याकाळचं क्लिनिक बंद, त्यामुळे "शनिवार-रविवार गावी येऊन बघेल" हाही हिशोब सोडा.

हॉस्पिटल चालवायचंच असेल तर पगारावर फिजिशियन ठेवा, जाहिरात द्या. पेंटरला सांगून पाटीवरचं नाव तेवढं पुसून घ्या. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, तिला मी जरा वेगळे प्रश्न विचारणार आहे.