पंधरा हजारांत पैदाशीचा मेंढा मिळेल का?

प्रश्न : आमच्याकडे १४ मेंढ्या आहेत, सगळ्या काळ्या दख्खनी. दोन एकर कोरडवाहू जमीन, चराई गावच्या माळावर. आजवर घरचाच मेंढा ठेवला, त्याला आता चौथं वर्ष लागलं. यंदा कोकरं बारकी जन्मली, दोन तर चार दिवसांतच गेली. दीर म्हणतात, नवा मेंढा आणायचा तर माडग्याळ जातीचाच आणा, नाहीतर आणूच नका. माझ्या हातात बचत गटाचं कर्ज धरून पंधरा-सोळा हजार रुपये आहेत. एवढ्यात चांगला मेंढा येईल का? आणि बाजारात गेले तर नेमकं बघू काय? बाई एकटी दिसली की दलाल वाटेल तो भाव सांगतात.
— एक वाचक भगिनी, ता. खटाव, जि. सातारा

उत्तर : ताई, येईल. पण बाजारात जायच्या आधी तुमच्या घरच्या मेंढ्याचं बोलू. त्याला चौथं वर्ष लागलं म्हणता, म्हणजे तुमच्या १४ मेंढ्यांतल्या पाच-सहा तरी त्याच्याच लेकी असणार. बाप लेकीवर लागला की कोकरं बारकी पडतात, अशक्त निघतात, मरतातही. तेव्हा तो मेंढा आता काढाच. तरी सगळा दोष त्याच्या माथी मारू नका. पोटातलं कोकरू सगळ्यात जास्त वाढतं ते शेवटच्या दीड महिन्यात. तेव्हा माळ वाळलेला असेल आणि गाभण मेंढीला मूठभर भरडाही (भरडलेलं धान्य) मिळाला नसेल, तर नवा मेंढा आणूनही कोकरं बारकीच पडतील. शेवटचा दीड महिना मेंढीमागे रोज पाव किलो भरडा द्या.

आता मेंढा. मी माण-खटावात पशुधन पर्यवेक्षक म्हणून उभी नोकरी केली, पण मेंढा कसा बघायचा हे मी नोकरीत नाही, वडिलांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर शिकलो, आणि तेही नुकसान झाल्यावर. मी शाळेत होतो. वडिलांनी एका बाजारातून मेंढा आणला. शिंगांना दुहेरी वेढा, पाठीला तेल लावून चकचकीत केलेली, मान अशी की बघत राहावं. आमच्या २२ मेंढ्यांत तो सोडला. पाच महिन्यांनी सात मेंढ्या व्यायल्या. बाकीच्या पुन्हा पुन्हा माजावर येत राहिल्या आणि आम्ही आज गाभण जाईल, उद्या जाईल म्हणत बसलो. शेवटी शेजारच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या मेंढक्याने मेंढा धरायला लावला, मागून हात घातला आणि वडिलांचा हात धरून तिथे लावला. एक वृषण चांगलं भरलेलं, दुसरं वाळल्या सुपारीएवढं, तसंच कडक. बाजारात त्याची शिंगं दहा जणांनी धरून बघितली होती, तिथे हात एकानेही घातला नव्हता. त्या वर्षी विकायला कोकरंच नव्हती. पेरणीचं बी उसनं आणावं लागलं.

म्हणून ताई, लाजू नका. स्वतःला जमत नसेल तर सोबत कुणाला न्या, पण हे बघितल्याशिवाय विसार देऊ नका. मेंढा उभा ठेवायचा, मागे बसून दोन्ही हातांनी पिशवी धरायची. दोन्ही वृषणं सारखी हवीत, पिशवीत वरखाली सरकायला हवीत. दाबून बघितलं तर पिकायला आलेल्या पण अजून घट्ट असलेल्या लिंबासारखी लागली पाहिजेत. लिबलिबीत लागली तर मेंढा नुकताच आजारातून उठलाय किंवा थकलाय. दगडासारखी लागली तर सोडून द्या. मग खालच्या टोकाला बोट न्या, तिथे एक मऊ गोळी लागते, बी साठतं ती जागा. ती दोन्हीकडे सारखी हवी. तिथे गाठ, सूज किंवा हात लावताच मेंढा दचकत असेल, तर तो फुकट मिळाला तरी आणू नका. सांसर्गिक गर्भपाताचा रोग तिथे लपलेला असू शकतो. तो तुमच्या सगळ्या मेंढ्या गाभडवेल आणि माणसालाही लागतो. मग महिनोन्‌महिने ताप येतो आणि जातो. एक लक्षात ठेवा, मेंढ्याचं बी तयार व्हायला जवळपास दोन महिने लागतात. त्याला आज जोराचा ताप आला तर त्याचा फटका पुढचे दोन महिने बसतो. म्हणून मेंढा पाऊस पडल्यावर धावत आणायचा नाही, सोडायच्या दोन महिने आधी दावणीला यायला हवा.

मग तोंड उघडायचं. दुधाचेच दात असतील तर तो अदात, वर्षाच्या आतबाहेरचा. दोन दाती म्हणजे दोन पक्के दात आलेला, साधारण सव्वा ते दीड वर्षाचा, चार दाती दोन वर्षांच्या आसपास. तुम्ही दोन दाती किंवा चार दाती घ्या, पुढे दोन-तीन वर्षं काम देईल. जुळलेला, म्हणजे सगळे पक्के दात आलेला मेंढा स्वस्त मिळतो, पण तो का काढलाय हे विकणारा सांगत नसतो. खालचे दात वरच्या हिरडीच्या गादीवर नीट टेकतात का बघा. जबडा पुढे किंवा मागे असेल तर त्याला माळावरचं आखूड गवत तोडता येत नाही आणि तीच खोड कोकरांत उतरते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. लाल-गुलाबी हवी. पांढरटफटक असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. आणि वीस-पंचवीस पावलं चालवून बघा, मुरमावर. मागचे पाय कच्चे असलेला मेंढा मेंढीवर चढत नाही, सोपी गोष्ट आहे.

शिंगं, नाक, उंची, रंग हे सगळं यानंतर.

आता कुठून घ्यायचा. बाजारातून नको, वाड्यावरून घ्या. याचं कारण मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडची मेंढी बारीक होत चालली त्याला हेच जबाबदार आहे असं माझं मत आहे. कोकरं तीन-चार महिन्यांची झाली की व्यापारी वाड्यावर येतो आणि सगळ्यात भरलेली, सगळ्यात वाढलेली नर कोकरं आधी उचलतो. पैशाची नड असते, आपण देतो. मागे जे किडकिडीत राहतं, ते न विकलं गेल्यामुळे वाढतं आणि तेच पुढे मेंढा म्हणून कळपात फिरतं. म्हणजे जो बाप व्हायला हवा तो कापला जातो. तुम्ही याच्या उलट करा. तुमच्या भागात वाडे बसतात, त्यांतला दोन वर्षं ओळखीचा असलेला एक वाडा निवडा. कोकरं दोन-अडीच महिन्यांची असताना जा आणि कोकराआधी त्याची आई बघा. दरवर्षी व्यालेली, दुधाची कास भरलेली, उन्हाळ्यातही अंग धरून राहणारी मेंढी निवडा आणि तिचं नर कोकरू बोलून ठेवा. व्यापारी जो भाव देईल त्यापेक्षा थोडे जास्त द्या, हजार रुपये विसार ठेवा. ते कोकरू तुमच्या पंधरा हजारांच्या खूप आत बसेल. वर्षभर सांभाळावं लागेल हे खरं, पण मेंढा कुणाचा, कुठला, हे तुम्हाला माहीत असेल. तोवर यंदा मेंढ्या भरवायच्या तर खालच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

वर्षभर थांबायचं नसेल तर वाड्यावरचाच दोन दाती मेंढा मागा. मेंढके दोन वर्षांनी मेंढा बदलतातच, तेव्हा चांगला चालता मेंढाही मिळून जातो. आणि बकरी ईदच्या आधीचा महिना टाळा. कुर्बानीला धडधाकट, बिनखोडीचा नर लागतो, म्हणजे तुम्हाला हवा तोच. त्या दिवसांत त्याचा भाव तुमच्या आवाक्यात राहत नाही. ईदनंतर बाजारात न खपलेले मेंढे उतरत्या भावाने मिळतात, पण ते मका-गहू चारून फुगवलेले असतात. त्यांना अंग उतरवायला आणि चालायची सवय लागायला दोन महिने द्यावे लागतात. बाजारातच जावं लागलं तर उपरण्याखाली बोटं धरून होणाऱ्या सौद्यात पडू नका. आपला आकडा तोंडाने, चार लोकांसमोर सांगा. काट्यावर वजन करून मागा. प्रौढ दख्खनी मेंढा ३५ ते ४० किलोच्या आसपास भरतो. वजन आणि त्या दिवसाचा कटाईचा भाव यांचा गुणाकार केला की त्याची खाटकाकडची किंमत कळते. पैदाशीसाठी त्यावर किती चढवायचं ते तुम्ही ठरवा.

हे चढवलेले पैसे बुडत नाहीत हेही दिरांना सांगा. समजा मेंढा सोळा हजाराला आणला आणि दोन वर्षांनी बारा हजाराला गेला. खर्च झाला चार हजार. दोन वर्षांत २५ कोकरं जगली तर कोकरामागे १६० रुपये पडले. चांगल्या बापाचं कोकरू विकताना दोन किलोने जरी जास्त भरलं, तरी हे पैसे कितीतरी पटीने वसूल होतात.

माडग्याळबद्दल. जत तालुक्यातली ती मेंढी देखणी आहे, उंच, पोपटाच्या चोचीसारखं नाक, अंगावर तांबूस ठिपके, आणि कोकरांची वाढ जोरात. आटपाडीच्या कार्तिकी यात्रेत अशा मेंढ्यांच्या लाखांतल्या बोली सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण ती किंमत नाकाची आणि हौसेची असते. तुमच्या बारक्या काळ्या मेंढ्यांवर थोराड मेंढा सोडला तर पहिलटकरणीचं कोकरू अडायची भीती राहते. शिवाय तेवढ्या अंगाला खुराक लागतो, तो माळ देणार नाही. आणि माडग्याळला लोकर नावापुरती. तुमच्याकडे घोंगडीसाठी लोकर जात असेल तर तीही जाईल. पंधरा हजारांत माडग्याळच्या नावाखाली जे मिळेल ते माडग्याळ नसेल. तुम्ही भरीव दख्खनीच घ्या.

तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सांगेलच म्हणून लिहितो. ‘जुळं देणारा मेंढा’ आणला की सगळ्या मेंढ्या जुळी देतील, असं सांगून नर विकतात. ते तसं नाही. एका वेळी किती बीजं सुटायची ते मेंढीच्या अंगात ठरतं, मेंढ्याने बदलत नाही. मेंढ्याचा गुण दिसतो तो त्याच्या लेकी व्यायला लागल्यावर. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली, ते काम खरं आणि मोलाचं आहे. तिथला जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला नर घेतला तर प्रत्येक लेकीत एक प्रत उतरतेच. पण जुळ्यांना दूध पुरवायला मेंढीच्या पोटात चारा हवा. आधी शेवटच्या दीड महिन्याचा भरडा जमवा, मग दोन वर्षांनी त्याचा विचार करा.

सरकारी वाटही बघून ठेवा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र तुमच्याजवळ दहिवडीला आहे, सांगली जिल्ह्यात रांजणी, सोलापुरात महूद. तिथे पैदाशीचे नर असतात आणि जन्माची नोंद असते, हे बाजारात कधीच मिळत नाही. २०१७ पासूनच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमाती-क मधल्या मेंढपाळांना ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि एक नर असा गट मिळतो, आणि ज्यांचा कळप आहे त्यांना नुसता सुधारित नर मिळण्याचीही सोय केलेली आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर कर्ज काढण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अर्ज कधी सुटतात ते विचारा.

मेंढा घरी आला की तीन आठवडे वेगळा बांधा, कळपापासून लांब, पाण्याचं भांडंही वेगळं. त्या दिवसांत दवाखान्यात रक्त तपासून घ्या, लेंड्या तपासून जंताचं औषध द्या, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराची लस झाली नसेल तर टोचून घ्या. मग रोज पाव किलो ते तीनशे ग्रॅम भरडा आणि भरपूर पाणी. नुसतं धान्य चारलं आणि पाणी कमी पडलं तर नराची लघवी खड्याने अडते.

सोडताना गेरू तेलात कालवून त्याच्या छातीला लावा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावत राहा. तो ज्या मेंढीला लागेल तिच्या माकडहाडावर तांबडा डाग उठेल. तारीख लिहून ठेवा. मेंढी १७ दिवसांनी फिरून माजावर येते, म्हणून सतराव्या दिवसापासून गेरूऐवजी काजळी लावा. काळ्या मेंढीवर काजळी दिसणार नाही, तिथे उठून दिसेल असा फिका रंग घ्या. नव्या रंगाचे डाग एक-दोन मेंढ्यांवरच उठले तर मेंढा चांगला आहे. दहा-बारा मेंढ्यांवर उठले तर दुसऱ्या दिवशी दुसरा मेंढा शोधायला निघा. वडिलांना ही युक्ती माहीत असती तर आमचे पाच महिने गेले नसते.

प्रश्न : आम्ही तिघं शेजारी, प्रत्येकाकडे आठ-दहा मेंढ्या. तिघांत एक मेंढा चालेल का?
— एक शेतकरी, ता. आटपाडी, जि. सांगली

उत्तर : चालेल, आणि लहान कळपाला हीच सगळ्यात स्वस्त वाट आहे. तरण्या मेंढ्याला २५ ते ३० मेंढ्या झेपतात. पण रोज या घरी-त्या घरी फिरवू नका. एकाच्या कळपात सलग ३५ दिवस, म्हणजे माजाच्या दोन पाळ्या, मग आठवडाभर विश्रांती आणि भरडा, मग दुसऱ्याकडे. तिघांपैकी कुणाच्याही कळपात गेल्या वर्षी मेंढी गाभडली असेल तर आधी त्या मेंढीचं आणि मेंढ्याचं रक्त तपासा, नाहीतर एकाचा रोग तिघांच्या घरी जाईल. खर्च, खुराक आणि मेंढा मेला तर नुकसान कसं वाटायचं, हे वहीत लिहून तिघांच्या सह्या घ्या. आणि दोन वर्षांनी लेकी माजावर यायच्या आत मेंढा लांबच्या गावातल्या अशाच तिघांशी अदलाबदल करा. त्यात एक रुपयाही लागत नाही.