पुस्तकातल्या माणसासाठी रडू येतं, म्हणजे संसारात काही बिनसलंय का?

"नवरा चांगला आहे हो. तरी रात्री सगळे झोपले की मी त्या पुस्तकातल्या माणसासाठी रडते. ही ह्यांच्याशी प्रतारणाच नाही का?" पस्तिशीच्या एका बाईंनी दबक्या आवाजात विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) प्रेम पदरी न पडलेला, हळवा नायक जिवाला इतका का लागतो, हा प्रश्न अनेक जणी घेऊन येतात.

पुस्तक होतं रशियन लेखक दोस्तोव्हस्कीचं, १८४८ सालचं 'व्हाइट नाइट्स'. पीटर्सबर्गमधल्या एका एकाकी तरुणाचा नास्तेन्कावर जीव जडतो. ती मात्र दुसऱ्याची वाट बघत असते. त्या दुसऱ्यासाठी लिहिलेलं पत्रही हाच पोचवतो. पुढच्या वेळी पुस्तक घेऊन या, म्हटलं. पेन्सिलीची खूण सापडली ती दुसऱ्या रात्रीच्या प्रसंगावर. तो आपलं एकटेपण सांगून टाकतो आणि आता ही हसणार म्हणून धास्तावतो. ती हसत नाही, हलकेच त्याचा हात दाबते.

"ह्यांचे वडील गेले," त्या आपणहून म्हणाल्या, "तर स्मशानातून आले, आंघोळ केली आणि बँकेचे कागद काढून बसले. आजतागायत त्यावर एक शब्द नाही."

ही प्रतारणा नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. 'पुरुषासारखा पुरुष रडतोस काय' हे ऐकत वाढलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. गोष्टीतला नायक मात्र आपलं मन वाचणाऱ्यापुढे उघडं करतो. नायिकेला जे कळत नाही ते आपल्याला कळतं, त्यामुळे आपणच त्याच्या सर्वांत जवळच्या होतो. शिवाय तो आपल्याकडे काहीच मागत नाही. मग त्याचा लळा लागला तर नवल काय?

'काय वाटतंय ते बोला' असा आग्रह धरू नका, सासऱ्यांची तुमची एखादी आठवण सांगा, एवढंच सुचवलं. त्यांनी सासऱ्यांच्या सायकलचा विषय काढला. पहिल्यांदा नवरा उठून गेला. काही दिवसांनी स्वतःच बोलला, थोडंच.

एक गोष्ट मात्र तरुण मुलींना मी आवर्जून सांगते. दुखावलेला माणूस आपल्या दुःखाचं काय करतो ते बघा. नास्तेन्का गेल्यावर तो तरुण तिचं भलं चिंततो. शरदबाबूंचा देवदास पारूच्या कपाळावर मासे धरायच्या काठीने वार करतो, आणि त्याचं दुःख दिसत असल्यामुळे आपण तेही पोटात घालतो. प्रत्यक्षात कुणी 'तू नाहीस तर जीव देईन' म्हणत असेल, तर त्याची समजूत काढत एकट्या बसू नका. त्याच्या घरच्यांना लगेच कळवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. त्याला तो द्या. तुम्हाला भीती वाटत असेल तर तुम्हीही फोन करा.