सालसा डान्सचा (जोडीनं करायचा लॅटिन नाच) क्लास लावायचाय? मग हे वाच आधी
पार्टनर नाही म्हणून थांबू नको भाऊ, बहुतेक क्लासमध्ये थोड्या थोड्या वेळानं जोड्या बदलतातच, अन् ते बरंच आहे, एकाच हाताची सवय लागत नाही. सालसात मोजायचं आठपर्यंत पण पाय टाकायचे एक-दोन-तीन, पाच-सहा-सात वर, चार अन् आठला थांबायचं, नवीन पोट्टे नेमके तिथंच घाई करतात. हात धरताना बोटं आवळू नको, अंगठा तर अजिबात दाबायचा नाही. जाड रबरी सोलचे स्पोर्ट्स शूज नको, फिरताना पाय चिकटतो अन् गुडघ्यावर पीळ येतो. नागपूरचा मे म्हणजे जास्तीचा टीशर्ट पाहिजेच, समोरच्यावर दया कर बाप्पा! बचाटा, म्हणजे असाच दुसरा जोडीचा नाच, सालसाहून सोपा, तीन पावलं अन् चौथ्याला टॅप (पाय नुसता टेकवायचा), बॅचमध्ये दोन्ही असेल तर तिथूनच सुरू कर.